वाल म्युश्टायर: स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकावरची रोमांशभाषक पालिका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे इंटरलाकेन, युंगफ्राउ आणि टिटलिस ही नावं निघतात. पर्यटन कंपन्यांच्या आठ दिवसांच्या सहलीत वाल म्युश्टायर बसत नाही. पण भाषा, इतिहास आणि डोंगर यांची एकत्र आवड असलेल्या माणसासाठी मला आल्प्समध्ये यापेक्षा चांगली जागा माहीत नाही. या खोऱ्याबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

वाल म्युश्टायर नेमकं आहे कुठे?

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन या कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या राज्यात, देशाच्या अगदी पूर्व टोकाला. नकाशावर स्वित्झर्लंडचा उजवा कोपरा इटलीत घुसलेला दिसतो, तोच हा भाग. देशाच्या पूर्व टोकावरचा डोंगर पिझ चावालाच, उंची २,७६३ मीटर, इथल्याच सीमेवर उभा आहे. खोऱ्याचं तोंड इटलीच्या दक्षिण टिरोल प्रांताकडे उघडतं. म्युश्टायर गावातून निघालं की थोड्याच अंतरावर सीमा आणि पलीकडे ताउफर्स हे गाव.

उरलेल्या स्वित्झर्लंडकडे जायचं असेल तर मात्र २,१४९ मीटर उंचीची खिंड चढावी लागते. इथल्या भाषेत, म्हणजे रोमांशमध्ये, तिला पास दाल फुओर्न म्हणतात, जर्मनमध्ये ओफेनपास. म्हणजे परदेश उताराला आणि स्वदेश डोंगरापलीकडे, अशी इथली रचना आहे. इथल्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या रचनेत सापडतं, म्हणून ती आधी लक्षात घ्यावी.

हे एक गाव आहे की अनेक?

पालिका एक, गावं सहा. वरून खाली यायचं तर चिएर्व, फुल्देरा, ल्यू, वालचावा, सांता मारिया आणि म्युश्टायर. १ जानेवारी २००९ पर्यंत या सहाही गावांच्या स्वतंत्र पालिका होत्या. त्या दिवशी त्यांचं विलीनीकरण होऊन वाल म्युश्टायर ही एकच पालिका झाली. क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस किलोमीटर आणि वस्ती सगळी मिळून दीड हजारांच्या आत. एवढ्या माणसांसाठी सहा स्वतंत्र कारभार चालवणं परवडत नव्हतं.

यातलं ल्यू हे गाव सुमारे १,९२० मीटरवर, मुख्य रस्ता सोडून वर डोंगराच्या खांद्यावर वसलेलं आहे. बारा महिने वस्ती असलेल्या युरोपातल्या सर्वांत उंच गावांमध्ये त्याची गणना होते. आसपास मोठं शहर नसल्यामुळे तिथलं आकाश रात्री खरोखर काळं असतं, आणि आकाशनिरीक्षक दुर्बिणी घेऊन तिथे येतात. म्युश्टायर सुमारे १,२५० मीटरवर आहे. एका पालिकेत, एका छोट्या खोऱ्यात, दोन गावांच्या उंचीत साडेसहाशे मीटरहून जास्त फरक पडतो.

इथल्या नदीचं पाणी कुठे जातं?

मला स्वतःला या खोऱ्याच्या भूगोलातला हा सर्वांत आवडता भाग. मुख्य नदीचं नाव रोम. इटलीच्या राजधानीशी तिचा काही संबंध नाही. खिंडीखाली उगम पावून ती सहा गावांच्या खोऱ्यातून वाहते, सीमा ओलांडते आणि ग्लुर्न्स या तटबंदीच्या गावाजवळ आदिजे नदीला मिळते. आदिजे पुढे वेरोना शहरातून जाऊन एड्रियाटिक समुद्राला मिळते. ग्राउब्युंडेन कँटनमधलं बहुतेक पाणी ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्रात किंवा इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जातं. आदिजेला पाणी देणारं खोरं म्हणून वाल म्युश्टायर वेगळं पडतं.

गंमत पुढेच आहे. याच पालिकेच्या हद्दीत, सांता मारियाच्या नैर्ऋत्येला, वाल मोरा नावाची निर्जन दरी आहे. तिचा ओढा उलट्या दिशेला, पश्चिमेकडे वाहतो. तो लिव्हिन्योच्या जलाशयाला मिळतो, तिथून श्प्योल नदी, मग इन, मग डॅन्यूब. त्यामुळे या दोन दऱ्यांमधल्या कुरणांवरून चालताना डावीकडे पडलेला पावसाचा थेंब वेनिसच्या दक्षिणेला समुद्रात जातो आणि उजवीकडचा रोमानियाच्या किनाऱ्याला. वाटेत खूण म्हणावी असं काही नाही, सपाट गवताळ माळ आहे आणि गाई चरत असतात.

विसाव्या शतकात युरोपातल्या बहुतेक नद्यांसारखंच रोमलाही काही ठिकाणी सरळ कालव्यात कोंबलं होतं. फुल्देराजवळच्या सपाट कुरणांत तिला पुन्हा वळणं घ्यायला जागा करून दिली आहे. आज तिथे उथळ पाणी, गोट्यांचे बांध आणि दोन्ही काठांना वाळुंजाची झुडपं दिसतात.

आल्प्समध्ये भरपूर पाऊस पडत असणार ना?

इथे नाही. चहूबाजूंच्या उंच रांगा ढगांचं पाणी आधीच काढून घेतात, त्यामुळे खोरं कोरडं आहे. सीमेपलीकडच्या, इटलीतल्या फिन्शगाउ खोऱ्यात तर आणखी कोरडं. म्हणूनच इथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून डोंगरउतारावरून पाट काढले. रोमांशमध्ये त्यांना आउआल म्हणतात. ओढ्याचं पाणी वर अडवायचं, हलक्या उताराने कडेकडेने फिरवून आणायचं आणि पाळीपाळीने कुरणांत सोडायचं. तुषार सिंचन आल्यावर बरेच पाट बुजले. काही पुन्हा उकरून वाहते केले आहेत आणि त्यांच्या काठाने चालायच्या वाटा आहेत.

म्युश्टायरचा मठ कोणी बांधला? शार्लमेनची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी सांगतात. ७७४ मध्ये उत्तर इटलीतलं लोम्बार्डांचं राज्य जिंकून फ्रँकांचा राजा शार्लमेन उत्तरेकडे परतत होता. उंब्रायल खिंडीत तो हिमवादळात सापडला, वाचला, आणि कृतज्ञता म्हणून त्याने खिंडीच्या पायथ्याशी संत योहानाचा मठ उभारला. वादळाची गोष्ट आख्यायिकाच आहे. पण मठाच्या इमारतीतल्या लाकडाच्या वाढीची वर्तुळं मोजून तज्ज्ञांनी तारीख काढली, तेव्हा झाड तोडल्याचं वर्ष निघालं ७७५. इतकी जवळची तारीख आल्यामुळे स्थापनेमागे शार्लमेन आणि खूरचा (ग्राउब्युंडेनच्या राजधानीचा) बिशप असावेत, हे बहुतेक अभ्यासक मानतात.

जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. उत्तर इटलीकडून येणाऱ्या खिंडींची वाट इथे उतरते. नव्याने जिंकलेल्या मुलखाच्या वाटेवर मठ असणं म्हणजे प्रार्थनास्थळ, मुक्कामाची सोय आणि राजाची उपस्थिती या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी. चर्चमध्ये शार्लमेनचा एक मध्ययुगीन पुतळा उभा आहे. तो त्याच्या मृत्यूनंतर कैक शतकांनी घडवलेला आहे, चेहऱ्याच्या साम्याची अपेक्षा ठेवू नये.

सुरुवातीला हा पुरुषांचा बेनेडिक्टाइन मठ होता. बाराव्या शतकात तो स्त्रियांचा झाला आणि आजही आहे. आवारातला चौकोनी प्लान्टा मनोरा दहाव्या शतकातला, साधारण ९६० च्या सुमाराचा. आल्प्समध्ये उभ्या असलेल्या इतक्या जुन्या निवासी मनोऱ्यांची उदाहरणं फार थोडी आहेत.

तिथल्या भित्तिचित्रांचं एवढं कौतुक का?

कारण शार्लमेनच्या काळातली, सुमारे ८०० सालाची, एवढी मोठी चित्रमालिका जगात दुसरीकडे कुठेही राहिलेली नाही. त्या काळी युरोपभर चर्चच्या भिंती रंगवल्या जात. पुढच्या लोकांनी त्या पाडल्या, वाढवल्या, जाळल्या. म्युश्टायरचं चर्च लहान, बाजूचं आणि बेताच्या उत्पन्नाचं होतं, त्यामुळे पाडून नवं बांधणं झालं नाही.

चर्चचा मूळ आराखडा साधा: एक सलग दालन आणि पूर्वेला तीन अर्धवर्तुळाकार गाभारे. चारही भिंतींवर आडव्या पट्ट्यांमध्ये, चौकटी आखून, प्रसंग रंगवले आहेत. बायबलमधल्या राजा दावीदची कथा, ख्रिस्ताचं जीवन, आणि पश्चिमेच्या भिंतीवर अंतिम न्यायाचा दिवस. रंग मातीचे आहेत, गेरू आणि तपकिरीच्या छटा जास्त. पहिल्या नजरेला सगळं पुसट वाटतं. घाई करू नये. दहा मिनिटं एका भिंतीसमोर थांबलं की चौकटी सुट्या होतात, मग माणसं, मग हातांच्या हालचाली दिसायला लागतात.

सुमारे १२०० साली गाभाऱ्यांवर नवा गिलावा चढवून नवी चित्रं काढली गेली. त्यांत हेरोदाची मेजवानी आहे: लांब मेज, बसलेले पाहुणे, आणि समोर शरीराला बाक देऊन नाचणारी सालोमे. हे रंग अधिक गडद, रेषा अधिक ठसठशीत. काही ठिकाणी वरचा थर गळून खालचं चारशे वर्षं जुनं चित्र डोकावतं. एकाच भिंतीवर दोन काळांचे हात शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस सपाट छताच्या जागी गॉथिक कमानींचं छत आलं. नव्या छताच्या वर राहिलेली चित्रं अंधारात गेली, खालच्या भिंतींवर चुना फासला गेला, आणि हळूहळू लोक ती विसरले. १८९४ मध्ये योझेफ झेम्प आणि रोबर्ट डुरर या दोन अभ्यासकांना कमानींवरच्या पोटमाळ्यात चित्रं सापडली. १९०८–०९ मध्ये त्यांतली काही भिंतीवरून उतरवून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली. ती आजही तिथेच आहेत. खाली चर्चमधल्या भिंतींवरचा चुना १९४७ ते १९५१ या काळात काढला, तेव्हा संपूर्ण मालिका उजेडात आली. माझं मत विचाराल तर झुरिकची चित्रं कधीतरी आपल्या भिंतीवर परत यायला हवीत. तांत्रिक अडचणी मोठ्या आहेत हे मान्य, पण दावीदची कथा मधूनच तोडून दोनशे किलोमीटरवर टांगलेली पाहताना वाईट वाटतं.

हे जागतिक वारसा स्थळ आहे का?

हो, १९८३ पासून. युनेस्कोच्या यादीत स्वित्झर्लंडची पहिली तीन नावं त्याच वर्षी आली: बर्नचं जुनं शहर, सांक्ट गालेनचा मठ आणि म्युश्टायरचा मठ. अजिंठा आणि वेरूळची लेणीही त्याच वर्षी यादीत आली. आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या नावाशी जोडलं जातं, त्याची कारकीर्द आठव्या शतकाच्या तिसऱ्या चतुर्थकात येते. सह्याद्रीच्या कातळात कैलास वरून खाली कोरत आणला जात होता, साधारण त्याच पिढीत म्युश्टायरच्या मठासाठी झाडं तोडली जात होती.

मठात आजही कोणी राहतं का?

मोजक्या नन राहतात आणि दिवसाच्या प्रार्थना ठरलेल्या वेळी होतात. चर्च उघडं असतं, मठाच्या एका भागात संग्रहालय आहे. प्रार्थना चालू असताना मागे शांत बसायला हरकत नसते. फोटो मात्र तेव्हा काढू नयेत.

काल्वेनची लढाई म्हणजे काय?

२२ मे १४९९. खोऱ्याच्या तोंडाशी, ताउफर्सच्या खाली, काल्वेन नावाच्या अरुंद जागी ही लढाई झाली. एका बाजूला ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आजच्या ग्राउब्युंडेनमधले तीन संघ. त्यांपैकी ‘देवगृहाचा संघ’ १३६७ मध्ये खूरच्या बिशपच्या मुलखातल्या लोकांनी स्थापन केला होता, आणि हे खोरं त्या संघात होतं. शेजारचा फिन्शगाउ टिरोलच्या, म्हणजे हाब्सबुर्गांच्या ताब्यात. मठावर हक्क कोणाचा, बिशपचा की टिरोलचा, हा झगडा जुनाच होता.

हाब्सबुर्गांनी घळीच्या तोंडावर लाकूड-मातीचा बळकट कोट रचला होता. संघांनी रात्री एक तुकडी डोंगरावरून वळसा घालून मागे उतरवली आणि उरलेल्यांनी समोरून चाल केली. समोरून चालून गेलेल्यांची मोठी हानी झाली. नेता बेनेडिक्ट फोंताना पडला आणि पुढे ग्राउब्युंडेनचा वीरपुरुष ठरला. कोट मात्र फुटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाझलच्या तहाने युद्ध थांबलं. विजयानंतर संघांच्या सैन्याने फिन्शगाउमध्ये केलेली लूट आणि जाळपोळही तितकीच खरी आहे. गौरवगाथांमध्ये ती सहसा गाळली जाते, सीमेपलीकडच्या गावांनी ती विसरलेली नाही.

एका खोऱ्यात दोन पंथ कसे?

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट शेजारच्या एंगादीन खोऱ्यातून खिंड ओलांडून आली. वरची पाच गावं सुधारणावादी (प्रोटेस्टंट) झाली, मठाच्या सावलीतलं म्युश्टायर कॅथलिक राहिलं. आजही तसंच आहे. शतकानुशतकं सांता मारिया आणि म्युश्टायर यांच्यात लग्नं जमणं अवघड होतं, जरी दोन्ही गावं चालत तासाभराच्या अंतरावर आहेत.

हे खोरं ऑस्ट्रियाला विकलं होतं, हे खरं?

खरं आहे. १७२८ मध्ये खूरच्या बिशपने खोऱ्यावरचे आपले हक्क ऑस्ट्रियाला विकले. तीन संघांनी १७६२ मध्ये ते परत विकत घेतले. मधली चौतीस वर्षं ही माणसं कागदोपत्री दोन राज्यांच्या मध्ये लटकत होती. ही खरेदी झाली नसती तर सीमा बहुधा फुओर्न खिंडीवर आली असती, आणि १९१९ नंतर वाल म्युश्टायर इटलीत गेलं असतं.

१७९९ मध्ये फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजा या खोऱ्यात आणि ताउफर्सजवळ लढल्या. १८०३ मध्ये ग्राउब्युंडेन स्विस संघराज्यात आलं, तेव्हापासून वाल म्युश्टायर स्वित्झर्लंडमध्ये आहे.

पहिल्या महायुद्धात इथे लढाई झाली का?

स्विस भूमीवर नाही, पण अगदी लागून. सांता मारियातून उंब्रायल खिंडीचा रस्ता चढतो. सुमारे २,५०० मीटर उंचीची ही स्वित्झर्लंडमधली सर्वांत उंच डांबरी खिंड. तिचा शेवटचा कच्चा तुकडा २०१५ मध्ये डांबरी झाला. वर गेलं की स्तेल्व्यो खिंड हाकेच्या अंतरावर. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरल्यावर या माथ्यांवर इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिक समोरासमोर आले, आणि मध्ये तटस्थ स्विस तुकड्या. तिघे एकमेकांना नुसत्या डोळ्यांनी दिसत. २,८४३ मीटर उंचीच्या एका शिखराला जर्मन, इटालियन आणि रोमांश या तीन भाषांवरून ‘तीन भाषांचं शिखर’ असंच नाव आहे. खंदक आणि दगडी आडोसे आजही शिल्लक आहेत. सांता मारियात या काळावरचं छोटं संग्रहालय आहे. खिंडीवर जायच्या आधी ते पाहावं, म्हणजे वरच्या दगडांच्या राशी नुसत्या राशी वाटत नाहीत.

रोमांश ही कसली भाषा? किती लोक बोलतात?

इ.स.पूर्व १५ मध्ये रोमनांनी रेशिया, म्हणजे आल्प्समधला हा मुलूख, जिंकला. सैनिक, व्यापारी आणि अधिकाऱ्यांच्या बोलीतल्या लॅटिनमधून, स्थानिक भाषांचे अवशेष पोटात घेऊन, रोमांश तयार झाली. इटालियन आणि फ्रेंचची ती बहीण आहे, कोणाची पोटभाषा नव्हे. २० फेब्रुवारी १९३८ रोजी स्विस मतदारांनी सुमारे ९२ टक्के मतांनी तिला चौथी राष्ट्रभाषा मानलं. मुसोलिनीच्या इटलीत तेव्हा रोमांशला इटालियनची बोली ठरवून त्या मुलखावर दावा सांगणारे लोक होते, आणि हे मतदान त्यांना दिलेलं उत्तरही होतं. १९९६ च्या मतदानानंतर रोमांशभाषकांशी व्यवहार करताना संघराज्याची ती अधिकृत भाषाही झाली.

मुख्य भाषा म्हणून रोमांश सांगणारे साधारण ४०,००० लोक आहेत, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अर्धा टक्का. एवढ्या लहान भाषेत पाच लिखित रूपं आहेत: सुरसिल्वान, सुतसिल्वान, सुरमिरान, पुतेर आणि वाल्लादेर. रेडिओ-दूरचित्रवाणी आहे, वर्तमानपत्र आहे, प्राथमिक शाळा आहेत. वाल म्युश्टायरमध्ये रोमांश बहुसंख्यांची भाषा आहे. पालिकेचा कारभार आणि शाळेची सुरुवात तिच्यातच होते. जर्मन सगळ्यांना येतं.

इथली बोली वेगळी आहे म्हणतात, ती कशी?

बोलीचं नाव याउएर. लिहिताना लोक वाल्लादेर वापरतात, जी खालच्या एंगादीनची लिखित भाषा. १५६२ मध्ये दुरिच काम्पेल यांनी स्तोत्रं छापली तेव्हापासून तिला छापील परंपरा आहे. घरी याउएर, कागदावर वाल्लादेर, असं शतकानुशतकं चालत आलं.

मग १९८२ मध्ये हाइनरिख श्मिड या झुरिकच्या भाषातज्ज्ञाने सर्व बोलींसाठी एक समान लिखित रूप तयार केलं, रुमांच ग्रिशुन. सरकारी कागदपत्रांसाठी ते सोयीचं ठरलं. २००३ मध्ये कँटनच्या संसदेने शालेय पुस्तकंही फक्त त्याच रूपात छापायचं ठरवलं. २००७ मध्ये ज्या पालिकांच्या शाळांनी हा प्रयोग सर्वांत आधी स्वीकारला, त्यांत वाल म्युश्टायर होतं. आणि २०१२ मध्ये याच खोऱ्याने मतदान करून शाळा पुन्हा वाल्लादेरकडे नेली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा चंचलपणा वाटेल. मला तो वाटत नाही. इथल्या मुलांसाठी वाल्लादेरही पूर्णपणे घरची नव्हती, म्हणून नव्या प्रमाणभाषेला पहिली संधी द्यायला हे लोक इतरांपेक्षा जास्त तयार होते. पाच वर्षं प्रामाणिकपणे वापरून पाहिली. अडचण अशी आली की शेजारच्या एंगादीनने ती घेतलीच नाही. आजीआजोबांची पुस्तकं, चर्चमधली स्तोत्रं, पुढच्या शाळेतले सोबती सगळे वाल्लादेरचे. घरात मालवणी किंवा अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी, हे अंतर ज्यांनी पार केलं आहे त्यांना या मतदानामागची घालमेल समजावून सांगायची गरज पडणार नाही.

डोंगरांमुळे जगापासून तुटलेलं राहिल्यामुळेच रोमांश टिकली ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यातलं गृहीतच मला पटत नाही. हे खोरं कधीच तुटलेलं नव्हतं. शार्लमेनच्या काळापासून इथून वाट जाते. खिंडीपलीकडे, बुफालोराच्या बाजूला, लोखंडाच्या खाणी होत्या आणि भट्ट्या होत्या. फुओर्न हे नाव त्या भट्ट्यांचंच. ग्राउब्युंडेनच्या खोऱ्यांतले लोक मिठाईवाले आणि कॉफीगृहांचे मालक म्हणून वेनिसपर्यंत जात, १७६६ मध्ये वेनिसने त्यांना हाकलेपर्यंत.

शेजारच्या फिन्शगाउकडे पाहा. डोंगर तेच, उतार तोच, आणि एके काळी तिथेही रोमांशच बोलली जाई. सतराव्या-अठराव्या शतकांत ती तिथून गेली. हाब्सबुर्गांची सत्ता जर्मन होती, तिथलं कॅथलिक चर्च सुधारणावादी एंगादीनशी नातं तोडायला उत्सुक होतं, आणि रोमांश ही पाखंड्यांची भाषा मानली गेली. सीमेच्या या बाजूला लोकांच्या सभा, न्यायनिवाडा आणि पाच गावांतलं प्रवचन रोमांशमध्ये होत राहिलं. भाषा टिकली ती १४९९, धर्मसुधारणा, १७६२ अशा एकेका राजकीय निर्णयामुळे. ज्या सत्तेने लोकांना त्यांच्या भाषेत कारभार करू दिला तिच्यासोबत ते राहिले, आणि गरज पडली तेव्हा त्यासाठी लढले किंवा पैसे मोजले.

राष्ट्रीय उद्यान इथेच आहे का?

शेजारी. १९१४ मध्ये स्थापन झालेलं स्विस राष्ट्रीय उद्यान खिंडीच्या पश्चिमेला पसरलं आहे. उद्यान आणि खोरं मिळून २०१० मध्ये युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र झालं. उद्यानात माणसाने हस्तक्षेप करायचा नाही आणि खोऱ्यात माणसाने निसर्ग सांभाळून जगायचं, अशी विभागणी आहे.

या भागाला अस्वलांचाही इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वल १९०४ मध्ये उत्तरेकडच्या श्चार्ल दरीत मारलं गेलं. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या त्रेंतिनोकडून एक तरुण अस्वल फुओर्न खिंडीच्या परिसरात आलं, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. मेंढपाळांना अर्थातच तेवढा आनंद झाला नाही, आणि त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू नये.

लोक पोटापाण्यासाठी काय करतात?

गाई, कुरणं, थोडं धान्य. बहुतेक शेतं सेंद्रिय आहेत. पर्यटन, लाकूडकाम, आरोग्य केंद्र आणि शाळेतल्या नोकऱ्या. सांता मारियात १९२८ मध्ये सुरू झालेलं हातमागाचं विणकामघर आजही चालू आहे. खटक्याचे लाकडी माग, तागाचं आणि लोकरीचं कापड. खोऱ्यातल्या मुलींना गाव न सोडता काम मिळावं हा त्यामागचा उद्देश होता. गावात सतराव्या शतकातली पाणचक्कीही दुरुस्त करून चालती ठेवली आहे. तरुण मंडळी शिक्षणासाठी खूर-झुरिकला जातात आणि सगळी परत येत नाहीत. पालिकेची खरी चिंता ती आहे.

इथलं कोणी प्रसिद्ध आहे का?

दारिओ कोलोन्या. चिएर्वमध्ये वाढलेला हा स्कीपटू २०१०, २०१४ आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून चार सुवर्णपदकं घेऊन आला. संगणकवाल्यांना आणखी एक नाव ओळखीचं असेल: लुगानोतला ‘पिझ दाइंट’ हा महासंगणक. ते नाव खिंडीजवळच्या २,९६८ मीटर उंचीच्या शिखराचं आहे.

तिथल्या घरांच्या भिंतींवर नक्षी कशी काढतात?

तिला स्ग्राफितो म्हणतात. आधी वाळू आणि चुन्याचा करडा गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात. तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडायचं, की खालचा करडा रंग रेघ होऊन उमटतो. वाळण्याच्या आत काम संपवावं लागतं. सांता मारियाच्या मुख्य रस्त्यावर असे कोपरे, चौकटी आणि गुलाबपुष्पं जवळून पाहता येतात. फार जवळून, कारण दोन घरांमधला रस्ता इतका अरुंद आहे की बस येताना पादचाऱ्याला दारात शिरून उभं राहावं लागतं. खिडक्या बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेल्या, जाड भिंतीत खोल बसवलेल्या. उजेड हवा आणि थंडी नको, यावरचा तो तोडगा.

मुंबई-पुण्याहून कसं जायचं?

विमानाने झुरिक. तिथून रेल्वेने लांडक्वार्ट, मग रेशियन रेल्वेने १९९९ मध्ये सुरू झालेल्या फेराइना बोगद्यातून खालच्या एंगादीनमध्ये, आणि त्सेर्नेत्स स्थानक. खोऱ्यात रेल्वे नाही. त्सेर्नेत्सहून पिवळी पोस्ट बस राष्ट्रीय उद्यानातून, खिंड ओलांडून सुमारे तासाभरात म्युश्टायरला पोचते. झुरिकपासून एकूण साधारण चार तास धरावेत. तीच बस पुढे इटलीतल्या माल्सपर्यंत जाते, जिथून मेरानोची रेल्वे मिळते.

शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्यामुळे सीमेवर सामानाची जकात तपासणी होऊ शकते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. फक्त ताउफर्सला कॉफी प्यायला गेलात तरीही.

कधी जावं, आणि किती दिवस?

उंब्रायल खिंड हिवाळ्यात बंद असते. फुओर्न खिंड वर्षभर चालू ठेवतात. चालणाऱ्यांसाठी जुलै ते सप्टेंबर उत्तम. ऑक्टोबरमध्ये लार्चची झाडं पिवळी होतात, पण तोवर काही निवासगृहं मिटलेली असतात. १ मार्चला चालांदामार्स असतो: मुलं गळ्यात गाईच्या घंटा अडकवून, त्या वाजवत हिवाळ्याला हाकलतात. तो पाहायचा असेल तर बर्फाचे बूट न्या.

तीन दिवस तरी द्यावेत. एक मठासाठी. एक सांता मारिया आणि उंब्रायलसाठी. तिसरा ल्यूहून कोस्ताइनास खिंड ओलांडून तामांगुरच्या आरोला पाइनच्या जंगलातून श्चार्लपर्यंत चालायला. वाट सोपी आहे, पण लांब, आणि मधे दुकान नाही, म्हणून खायला बरोबर घ्या. श्चार्लहून श्कुओलला उन्हाळ्यात बस असते. तिची शेवटची वेळ निघण्याआधी पाहून ठेवा.

वाटेत कोणी भेटलं तर ‘आलेग्रा’ म्हणा. आभार मानताना ‘ग्रात्सिया फिच’. एवढं बोललात तरी समोरचा माणूस जर्मन बाजूला ठेवून रोमांशमध्ये सुरू होतो, आणि तुम्हाला कळत नाही हे लक्षात आल्यावरही दोन-तीन वाक्यं तशीच बोलून घेतो.